बाटली नंबर सतरा आणि अठरा

"परब, तुम्ही जरा कमी समजावत जा," असं आमच्या सबनीस मॅडम मला नेहमी म्हणायच्या. रागाने नव्हे, पण अगदी थट्टेनेही नव्हे. मॅडम परळच्या आमच्या इस्पितळात मेडिसिनच्या डॉक्टर आणि मी त्यांची संशोधनाची सिस्टर. पेशंटवर एखादं औषध नव्याने करून बघायचं असेल, तर आधी त्याला आणि त्याच्या माणसांना सगळं नीट सांगून सही घ्यायची, हे माझं मुख्य काम. दुसऱ्या सिस्टर दहा मिनिटांत सही घेऊन मोकळ्या व्हायच्या. मला तासभर लागायचा. पण माझ्यासमोरून उठलेल्या माणसाला आपण कशावर सही केली हे पक्कं ठाऊक असायचं, आणि त्याचा मला गर्व होता. गर्वाचं घर खाली, ही म्हण आईने मला लहानपणापासून ऐकवली होती. मी कुणाचं ऐकणारी नव्हे.

मी लालबागची. गिरण्यांचा संप सुरू झाला त्या वर्षी नर्सिंगला गेले. वडील गिरणीत साचेखात्यात होते, म्हणजे संपामुळे घरीच होते. नर्सिंगच्या होस्टेलवर दोन वेळचं जेवण मिळतं, एवढ्या एका मुद्द्यावर घरात निर्णय झाला. सेवाभाव वगैरे मागाहून आला, आला तेवढा. वीसेक वर्षं वॉर्डात काढल्यावर सबनीस मॅडमनी मला मागून घेतलं. नातेवाईक माझ्याशी भांडत नाहीत, असं त्यांच्या लक्षात आलं होतं. भांडत नव्हते, कारण मी त्यांच्या आधी भांडून घ्यायची.

मी सांगतेय ते काम लेप्टोचं. पावसाळ्यात आमच्या भागात पाणी तुंबतं, त्यात उंदराची घाण मिसळते आणि पायाला साधी चीर असली तरी तिच्यातून जंतू आत शिरतो. आठवड्याभराने ताप, पोटऱ्या ठणकणं, डोळे लाल. बहुतेक माणसं पेनिसिलिनने बरी होतात. थोडी मात्र अचानक बिघडतात. डोळे पिवळे होतात, लघवी थांबते, फुप्फुसात रक्त उतरतं. सकाळी चहा मागणारा पेशंट संध्याकाळी ओळख देत नाही. अशा वेळी जंतूपेक्षा जास्त नुकसान शरीराच्या स्वतःच्या पांढऱ्या पेशी करतात, असं मॅडम सांगायच्या. मी नातेवाईकांना ते असं सांगायची, की चाळीत चोर शिरला, त्याला धरायला माणसं धावली, चोर सापडेपर्यंत त्यांनी तुमचीच भांडी फोडली, कपाट पाडलं, भिंतीला भोक केलं. आता चोराला तर पकडायचंच आहे, पण त्या जमावालाही कुणीतरी शांत करायला हवं.

त्या जमावाला शांत करायला मॅडमनी निवडलेलं औषध होतं जुनं अँटिव्हायरल. बनवलं होतं व्हायरससाठी, आणि लेप्टोचा जंतू तर व्हायरसही नव्हे. वॉर्डातले तरुण डॉक्टर सुरुवातीला हसलेच. पण काचेच्या नळीत भडकलेल्या पांढऱ्या पेशींवर ते औषध घातलं की त्या निवतात, असं दिसलं होतं. माणसात तसं होतं का, ते कुणालाच माहीत नव्हतं. मला यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. संपानंतर आमच्या चाळीतला जॉबर भाजी विकायला बसला आणि फिटर रिक्षा चालवायला लागला. एका कामासाठी घडलेल्याला दुसरं काम जमतं की नाही, ते कामाला लावल्याशिवाय कळत नाही.

कामाला लावण्याची पद्धत अशी. निम्म्या पेशंटना खरी गोळी, निम्म्यांना दिसायला तशीच पण साधी, औषध नसलेली गोळी. पेनिसिलिन, सलाइन वगैरे जे द्यायचं ते सगळ्यांना मिळतच होतं, ही गोळी त्याच्यावरची. बाटल्यांवर फक्त नंबर. कुठल्या नंबरात काय आहे, ते पेशंटला ठाऊक नाही, मला नाही, मॅडमनाही नाही. ती माहिती नंबरवार बंद पाकिटांत, पाकिटं कपाटात. सगळे पेशंट होऊन गेल्यावर पाकिटं फोडायची. मधे फोडायची ती अगदी जिवावर बेतलं आणि उत्तराने उपचार बदलणार असेल तरच. हे सगळं गुप्त ठेवायचं कारण साधं आहे. आपल्याला खरं औषध चालू आहे हे कळलं की माणसाला अर्धं बरं तिथेच वाटतं, आणि डॉक्टरलाही तो बरा दिसायला लागतो.

फॉर्म अकरा पानांचा होता आणि त्याचं मराठी कुणी केलं होतं देव जाणे. मी तो बाजूला ठेवून तोंडी सांगायची. तरी नमुने भेटायचेच. दादरला मासळी विकणारी एक कोळीण नवऱ्याला घेऊन आली होती. तासभर ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मी गिऱ्हाइकाला कल्ला उघडून दाखवतंय, मंग टोपलीत टाकतंय. तुमी न दाखवता देताव, ते कसं घेऊ?"  एक म्हातारे विणकर अकराच्या अकरा पानं चष्मा लावून वाचत बसले. संपाने एक शिकवलंय, म्हणाले, कागद वाचल्याशिवाय अंगठा उठवायचा नाही. वाचून झाल्यावर सही केली आणि तिच्याखाली लिहिलं, 'निषेध नोंदवून मान्य.' मॅडमनी तो कागद बरेच दिवस टेबलाच्या काचेखाली ठेवला होता.

आता गावकर वहिनींचं सांगते. नाव बदललंय, पोरांचीही बदलली आहेत.

ऑगस्ट अर्धा झाला होता. लालबागच्या एका चाळीत तळमजल्याच्या खोलीत मंडळाचं गणपतीच्या सजावटीचं सामान होतं, तिथे पाणी भरलं. राजन आणि नितीन हे गावकर वहिनींचे दोन मुलगे कमरेएवढ्या पाण्यात उतरून दुपारभर सामान वर काढत राहिले. राजन अठ्ठावीसचा, नितीन चोविसाचा. आठवड्याने दोघेही एकाच दिवशी तापाने आमच्या वॉर्डात. दोघांचेही डोळे लाल, दोघांनाही पाय उचलवेना. वहिनींनी वॉर्डबॉयशी हुज्जत घालून दोन खाटा शेजारी शेजारी लावून घेतल्या आणि मधल्या स्टुलावर बसल्या. नवरा संपानंतर दोन-तीन वर्षांत गेला होता. मुलांखेरीज घरात कुणी नव्हतं.

मी आडनाव वाचलं, बोलणं ऐकलं आणि विचारलं, "वहिनी, मालवणकडचे काय तुम्ही?"

"होय गो. तू खयची?"

तिथून पुढे त्या माझ्याशी मालवणीतच बोलल्या. सह्या पोरांनी केल्या, राजनने तर ताठ बसून, मंडळाच्या पावतीवर करावी तशी झोकात केली. पण ठरवणाऱ्या वहिनीच होत्या. मी त्यांना चोर सांगितला, जमाव सांगितला, बाटल्या सांगितल्या. त्यांनी एकच प्रश्न तीनदा विचारला.

"म्हणजे एका बाटलीत खरा औषध, नि दुसऱ्या बाटलीत नुसता पीठ?"

"तसंच असेल असं नाही. दोन्ही खऱ्या असतील, दोन्ही साध्या असतील, नाहीतर एक खरी, एक साधी. मला माहीत नाही, वहिनी. डॉक्टरनापण नाही."

"नि कोणाची कसली, ता कोण ठरवता?"

"कुणी नाही. चिठ्ठी टाकल्यासारखं."

 दोन्ही बाटल्या त्यांच्या मांडीवर होत्या, राजनची सतरा नंबर, नितीनची अठरा. बाईला शब्दन् शब्द कळला, हे बघून मी खूश झाले होते.

इथे माझी पहिली चूक. गोळी दिवसातून तीनदा, खाण्याबरोबर, सिस्टरच्या हातून द्यायची असा नियम होता. पण पावसाळ्यात वॉर्डात खाली गाद्या घालून पेशंट असायचे आणि दोन सिस्टर. आणलेलं औषध खाटेजवळच्या कपाटात ठेवायचं आणि घरच्यांनी द्यायचं, ही आमच्याकडची जुनी वहिवाट. आईइतकं वेळेवर कोण देणार, असं म्हणून मी बाटल्या वहिनींच्याच ताब्यात दिल्या. प्रत्येकीत पाच दिवसांच्या पंधरा गोळ्या. तो सोमवार होता, पहिली गोळी रात्रीच्या जेवणाबरोबर द्यायची होती.

मंगळवारी सकाळच्या राउंडला दोघेही ठीक होते. ताप होता, पण लघवी होत होती, श्वास मोकळा होता. दुपारी मी जेवायला निघाले तेव्हा वहिनी जिन्याच्या वळणावर माझी वाट बघत उभ्या होत्या.

"रागावू नको हां," त्या म्हणाल्या. "काल सांजेक मी दोनय बाटल्यो पदरात वतलंय. एकत्र केलंय, नि पंधरा-पंधरा मोजून परत भरलंय."

मला आधी कळेचना. मग कळलं.

"का, वहिनी?"

"दोघांकय अर्धा अर्धा तरी गावतला. एकाक दिलंय नि दुसऱ्याक नाय, असा मी जल्मात करूक नाय. संपात एक केळां हाडलंय, तरी मधी कापून दोघांक दिलंय."

त्यांच्या चेहऱ्यावर अपराधीपणा वगैरे काही नव्हता. मी रागावेन एवढीच काळजी होती. आणि मला काय वाटलं ते खरं सांगते. मला त्यांचं म्हणणं बरोबर वाटलं. संपाच्या त्या वर्षांत आमच्याही घरात असंच चालायचं, थोरल्याला काही आणि धाकट्याला काही असं आईने कधी होऊ दिलं नाही. चिठ्ठी टाकून एका पोराला औषध आणि दुसऱ्याला पीठ, हे त्या बाईच्या हिशोबात बसणारच नव्हतं. मी तिला ते इतकं नीट सांगितलं नसतं तर तिने गोळ्या मुकाट दिल्या असत्या.

नियमाप्रमाणे मी तिथूनच मॅडमकडे जायला हवं होतं. मी गेले नाही. मॅडमना सांगितलं तर त्या दोन्ही पोरांना चाचणीतून काढणार, गोळ्या परत घेणार, म्हणजे अर्धं मिळतंय तेही जाणार. वॉर्डभर वहिनींची शोभा होणार. आणि बाटल्या तिच्या हातात कुणी दिल्या, हा प्रश्न विचारला जाणार. ही तीन कारणं मी नेहमी याच क्रमाने सांगते. तेव्हा डोक्यात कुठलं आधी आलं होतं, ते माझं मला ठाऊक आहे. उद्या राउंडनंतर शांतपणे सांगू, असं ठरवून मी डबा खाल्ला.

बुधवारी सकाळी आठला ड्युटीवर आले तेव्हा राजनच्या खाटेभोवती पडदा होता. पहाटे त्याला खोकला लागला होता आणि खोकल्यातून रक्ताची तार आली होती. श्वास मिनिटाला चाळिसाच्या वर. मॅडम आत होत्या. पडद्याबाहेर वहिनी उभ्या, हातात सतरा नंबरची बाटली, ती कुणी घ्यावी म्हणून पुढे धरलेली. शेजारच्या खाटेवर नितीन कोपरावर उठून बघत होता. 

राजनला वरच्या मजल्यावर आयसीयूत नेलं. ट्रॉलीबरोबर धावता धावता मी मॅडमना सांगितलं. गोळ्या मिसळल्या आहेत, काल दुपारी मला कळलं होतं.

मॅडम जागीच थांबल्या. ट्रॉली पुढे गेली.

"काल दुपारी," त्या म्हणाल्या.

"हो."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. राजनला नळी घालून मशीनवर घेतलं आणि मग मॅडम आपल्या खोलीत आल्या, कपाट उघडून सतरा नंबरचं पाकीट काढलं आणि टेबलावर ठेवून त्याच्याकडे बघत बसल्या. मी दारात उभी.

"उघडा ना, मॅडम," मी म्हटलं. "खरी असली तर उरलेल्या गोळ्या नळीतून देता येतील."

"कुठल्या उरलेल्या? दोन्ही बाटल्यांत खिचडी आहे." मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "आत खरं निघालं, तरी मी जे करतेय तेच करणार. साधं निघालं, तरी तेच. हे औषध माणसात चालतं की नाही, हेच मला माहीत नाही, परब. म्हणून तर ही पाकिटं आहेत. आता उघडायचं ते फक्त आपल्याला चैन पडत नाही म्हणून."

"आणि काल सांगितलं असतं तर?"

"काल मी दोघांनाही काढलं असतं. काढताना पुन्हा तपासलं असतं, पुन्हा रक्त, पुन्हा एक्स-रे. कदाचित राजनच्या छातीत काही दिसलं असतं. कदाचित नसतं." त्यांनी पाकीट परत कपाटात ठेवलं. "माहीत नाही."

दोन्ही भावांना चाचणीतून काढलं. मी सगळं लिहून सही केली. पुढे माझी चौकशी झाली, लेखी ठपका मिळाला, तो सर्व्हिस बुकात आहे. त्यात मला काही अन्याय वाटला नाही. पण तो बुधवार मी कसा काढला ते सांगता येत नाही. दर तासाला वर जाऊन मशीनवरचे आकडे बघायचे आणि खाली येऊन वहिनींना सांगायचं, तसाच आहे. नितीनचा ताप त्याच दुपारी उतरायला लागला. तो सारखा विचारायचा, "सिस्टर, दादा काय बोलला?" मी सांगायची की नळी असल्यावर बोलता येत नाही. वहिनी एक मजला चढायच्या, एक मजला उतरायच्या. वर दहा मिनिटं, खाली दहा मिनिटं. तेही त्या वाटूनच करत होत्या.

गुरुवारी दुपारी अडीचला राजन गेला.

वहिनी रडल्या ते नंतर. आधी त्यांनी माझा हात धरला आणि विचारलं, "माका एकच सांग, बाय. खरा औषध कोणाच्या बाटलीत होता?"

मी म्हटलं, सगळं संपल्याशिवाय पाकिटं उघडत नाहीत. त्या म्हणाल्या, मगे मी थांबतंय.

आणि थांबल्या. दर दोन-तीन महिन्यांनी यायच्या, बाकावर बसायच्या, माझं काम आटपेपर्यंत काही बोलायच्या नाहीत. मग विचारायच्या, "उघडला काय गो?" मी नाही म्हणायची. नितीन कसा आहे विचारायची. बरा आहे, कामाला जातो, म्हणायच्या आणि निघायच्या. मला त्यांच्या येण्याची भीती वाटायला लागली होती. सतरा साधी निघाली तर उत्तम, बाईने राजनचं काही काढून घेतलं नाही असं सांगता येईल. दोन्ही सारख्या निघाल्या तरी चालेल. सतरा खरी आणि अठरा साधी, एवढं एक नको. मी देवाला फारसा त्रास देत नाही, पण ह्यासाठी दिला.

असं दोन वर्षं चाललं. मग पुरेसे पेशंट मिळेनात म्हणून काम थांबवायचं ठरलं. पाकिटं फोडली. त्या औषधाने फायदा होतो की नाही, ते त्यातून ठरलं नाही, ना धड हो, ना धड नाही. मॅडमना त्याचं वाईट वाटलं असणार, मी त्यांच्याकडे बघितलंच नाही. मी यादीत सतरावी ओळ शोधत होते.

सतरा, खरं औषध. अठरा, साधी गोळी.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी लालबागला वहिनींच्या खोलीवर गेले. जाताना दोनदा वाटलं, खोटं सांगावं. पण तोवर मी कुठल्याही पेशंटच्या माणसाला खोटं सांगितलं नव्हतं, आणि वहिनी तर माझ्या तोंडाकडे बघूनच ओळखणाऱ्या. त्या तांदूळ निवडत होत्या. मी समोर बसले आणि सांगितलं, जसं होतं तसं. वर हेही सांगितलं, की पुऱ्या गोळ्यांनी राजन वाचला असता असं कुणी म्हणू शकत नाही.

त्यांचा हात सुपात तसाच राहिला.  मग म्हणाल्या, "मगे नितीनाक अर्धा गावला."

"हो."

"नायतर तेका कायच गावला नसता."

"नसतं."

त्यांनी मान हलवली. एका मुलाचं औषध दुसऱ्याला गेलं, हे त्यांनी त्या एका मान हलवण्यात घेतलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, त्यांच्या नाही. त्या म्हणाल्या, "ह्यां नितीनाक सांगू नको. माका चलात, तेका चलूचा नाय."

हे बोलणं चाललं असतानाच जिन्यात पावलं वाजली आणि नितीन आत आला. मला बघून थबकला. त्याला सगळं ठाऊक होतं, आईने गोळ्या मिसळल्या तेही आणि पाकिटांचंही.

"उघडली काय, सिस्टर?"

वहिनी सूप पाखडायला लागल्या.

"उघडली," मी म्हटलं. "दोन्ही साध्या होत्या. दोन्हीत औषध नव्हतंच."

"म्हणजे आईने मिसळल्या त्याने काय फरक नाय पडला?"

"काहीच नाही."

"मग ठीक," तो म्हणाला, खुर्चीत बसला आणि दोन्ही हातांनी चेहरा पुसत राहिला. मी समजले, आईची काळजी होती बिचाऱ्याला.

मी रिटायर झाले, मॅडम मुलीकडे परदेशी गेल्या. ते औषध पुढे लेप्टोसाठी कुणी वापरलं की नाही, मला माहीत नाही. मोठ्या साथीच्या वर्षांत टीव्हीवर जुन्या औषधांना नवी कामं लावण्याच्या गोष्टी रोज चालायच्या. बघणाऱ्यांना ते नवीन वाटायचं, मी टीव्ही बंद करायची.

यंदा वहिनी गेल्या. बाराव्याला मी गेले. नितीनचे केस पिकलेत, मुलगी कॉलेजात आहे. माणसं पांगल्यावर तो मला गॅलरीत घेऊन गेला.

"आईने जायच्या आधी सांगितलं मला, सिस्टर. सतरा आणि अठराचं."

 मी म्हटलं, "नितीन, मला माफ कर. मी खोटं बोलले तुझ्याशी."

"नाय, तुमचं काय नाय. तुमच्या त्या बोलण्यावर एवढी वर्षं काढली मी." तो खाली रस्त्याकडे बघत होता. "त्या दिवशी संध्याकाळी आई पदरात गोळ्या ओतत होती ना, मी जागा होतो. दादाला झोप लागली होती. मी सगळं बघितलं. बोललो असतो तर तिने ऐकलं असतं माझं."

का, ते त्यानेच पुढे सांगितलं.

"मला वाटलं, साधी बाटली माझीच असणार. म्हणून नाय बोललो."

मग मी बोलत सुटले. म्हटलं, तुला एकशे तीन ताप होता. म्हटलं, ते औषध चालतं की नाही हेच आजवर कुणाला माहीत नाही, अर्ध्याने तू वाचलास असंही नाही आणि पुऱ्याने तो वाचला असता असंही नाही. म्हटलं, मी स्वतः बुधवारपर्यंत गप्प बसले, माझं वय तेव्हा चाळिशीच्या पुढे होतं आणि ते माझं काम होतं. हे सगळं खरं आहे आणि मी ते नीट, एकामागून एक सांगितलं. त्याने मधे न तोडता ऐकून घेतलं. हे कुठे लिहायचं असेल तर लिहा, नावं तेवढी बदला, असंही म्हणाला.

आणि मग म्हणाला, "समजलं, सिस्टर. पण मी डोळे मिटून घेतले ना."